चोर, चुना आणि मोरचूद

थोर शोधांच्या गोष्टी शाळेच्या पुस्तकात वाचल्या की एक गंमत ध्यानात येते. प्रत्येक शास्त्रज्ञाच्या जोडीला एकेक दुय्यम पात्र ठरलेलं असतं. न्यूटनच्या जोडीला सफरचंद, आर्किमिडीजच्या जोडीला न्हाणीघर, जेम्स वॅटच्या जोडीला चहाची किटली. पण ज्या शोधाने गेली एकशेचाळीस वर्षं जगातली द्राक्षं, बटाटे, सुपाऱ्या, संत्री आणि विड्याची पानं सांभाळली, त्याच्या जोडीला चोर होता. दरोडेखोर वगैरे मानाचा नव्हे. रस्त्याने जाता जाता हात लांब करून द्राक्षाचा घड तोडणारा साधा भुरटा चोर. इतिहासाने त्याचं नाव लिहून ठेवलेलं नाही. बरोबरच आहे, नाव कळलं असतं तर तो चोर कसला!

हे मी ज्या गावात बसून लिहितो आहे त्याचं नाव चोरखमारा. गोंदिया जिल्हा, तालुका तिरोडा. नावातच चोर आला म्हणून पाहुणे उगाच खिसे चाचपतात, पण तसं काही नाही. गावाला तलाव आहे, धानाच्या बांध्या आहेत आणि पलीकडे नागझिऱ्याचं जंगल आहे. जंगलात शिरायचं एक प्रवेशद्वार आमच्याच गावाच्या नावाचं. त्यामुळे थंडी पडली की पहाटे जिप्सी गाड्या घूंऽ करत जातात आणि त्यांत कानटोप्या घातलेली शहरी मंडळी पट्टे आणि ठिपके शोधायला निघालेली असतात. पट्टे म्हणजे वाघ, ठिपके म्हणजे बिबट्या. ठिपके तर आम्हालाही दिसतात, पण त्यासाठी तिकीट काढावं लागत नाही. पावसाळ्यात घरामागच्या वाडीत जावं, टमाटरचं पान उलटून पाहावं. काळे, तपकिरी, तेलकट, पिवळ्या काठाचे, हवे तेवढे. बिबट्या निदान माणसाला पाहून पळतो. हे ठिपके माणसाच्या डोळ्यांदेखत एका पानावरून दुसऱ्या पानावर जातात आणि आठवड्यात झाडाचा खराटा करून ठेवतात.

या ठिपक्यांवर गावात एकच उपाय सर्वांना ठाऊक आहे: ‘मोरचूद मार.’ मोरचूद म्हणजे निळाईचे खडे. मोराच्या गळ्याचा रंग या पदार्थाने चोरला की मोराने याचा, ते ठरवणं कठीण. शास्त्रात याला कॉपर सल्फेट म्हणतात आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांत तुत्थ. शेतीच्या औषधांच्या दुकानात तो कुठल्या तरी कोपऱ्यातल्या पोत्यात पडलेला असतो. हा पदार्थ एवढा देखणा आहे की लहान मुलांना तो खडीसाखरेचा श्रीमंत भाऊ वाटतो. आणि तो विषारी आहे. म्हणून घरात तो देवाच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी किंवा पोरांच्या हाताला लागेल अशा कुठल्याही जागी ठेवू नये. विनोदी लेखातही ही गोष्ट गंभीरपणेच सांगावी लागते.

तर या मोरचुदाला चुन्याची जोड मिळाली कशी, याची ही कथा आहे. तिच्यासाठी चोरखमाऱ्याहून थेट फ्रान्सला जावं लागेल. तिकीट नाही.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या द्राक्षांवर साडेसाती आली. साधारण १८६०च्या पुढे फिलॉक्सेरा नावाचा एक सूक्ष्म किडा, आपल्या माव्याचा लांबचा चुलतभाऊ, वेलींची मुळं खाऊ लागला. बागाच्या बागा वाळल्या. फ्रेंच माणसाची द्राक्षबाग वाळते म्हणजे केवळ शेतीचं नुकसान होतं असं नाही, त्याच्या जेवणाचाच बेरंग होतो. हा किडा अमेरिकेतून आला होता, आणि अमेरिकेतल्या रानद्राक्षांच्या मुळांना त्याची सवय होती. तेव्हा जाणत्यांनी तोड काढली: मूळ अमेरिकन घ्या, त्यावर कलम फ्रेंच बांधा. तोड अचूक होती, आजही ती चालते. पण अमेरिकेतून वेली आल्या त्या एकट्या आल्या नाहीत. घरजावई आणावा आणि त्याच्या मागोमाग त्याचा मामा कायमचा मुक्कामाला यावा, तसा वेलींबरोबर एक नवा रोग आला. १८७८ साली तो फ्रान्समध्ये ओळखला गेला. इंग्रजीत त्याला डाऊनी मिल्ड्यू म्हणतात. आपल्याकडे नाशिकचे बागायतदार त्याला ‘डाऊनी’ म्हणतात, पुस्तकं त्याला ‘केवडा’ म्हणतात. केवडा म्हटलं की आपल्याला गणपतीतला घमघमाट आठवतो. हा केवडा द्राक्षाच्या पानावर आला की बागायतदाराला बँकेचा हप्ता आठवतो. वर पिवळे तेलकट डाग, खाली पांढरी लव, मग पान गळतं, आणि पानं गेली की घडात साखर भरायला कुणी उरत नाही.

बोर्डो नावाच्या शहरात त्या वेळी प्येर मारी आलेक्सी मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. अमेरिकन वेलींचा पुरस्कार करणाऱ्यांत ते स्वतःही होते. १८८२च्या ऑक्टोबर महिन्यात ते मेदोक भागातल्या सां-ज्युलियां या गावच्या रस्त्याने चालले होते. त्या वर्षी केवड्याने धुमाकूळ घातला होता. दोन्ही बाजूंना नुसत्या काड्या. आणि अचानक त्यांना दिसलं की रस्त्याच्या अगदी कडेच्या ओळींतल्या वेली मात्र हिरव्यागार आहेत!

आता रस्त्याच्या कडेचं पीक म्हटलं की आपला अनुभव काय? जाणारा-येणारा तोडतो, ढोरं तोंड घालतात, धूळ बसते. कडेचं ते पहिलं मरायचं. इथे उलटं. मिलार्दे जवळ गेले. पानांवर काहीतरी निळसर-पांढरं वाळून बसलेलं. ती बाग शातो द्युक्रू-बोकायू या बड्या मळ्याची. तिथले व्यवस्थापक एर्नेस्त दाविद यांना त्यांनी विचारलं, ‘हे काय लावलंय?’ उत्तर आलं की मोरचूद आणि चुना. कशासाठी? तर चोरांसाठी. रस्त्याने जाणारे लोक द्राक्षं तोडतात, म्हणून या भागात कडेच्या ओळींवर हा निळा रांधा शिंपडायची पद्धत आहे. पानं विषारी दिसतात, माणूस घाबरतो आणि हात आखडता घेतो.

म्हणजे पाहा, मळेवाल्याच्या मनात रोग नव्हता, बुरशी नव्हती, विज्ञान तर नव्हतंच. त्याच्या मनात फक्त चोर होता. चोराला चुना लावण्याचा त्याचा बेत होता. ‘चुना लावणे’ हा वाक्प्रचार इतक्या शब्दशः जगात दुसरीकडे कुठे अमलात आला नसेल. आणि चोरासाठी लावलेल्या या चुन्यात सापडला भलताच.

त्या रस्त्याने त्या महिन्यात शेकडो माणसं गेली असतील. गाडीवान गेले, मजूर गेले, मळ्यांचे मालक बग्ग्यांतून गेले. निळी पानं सगळ्यांनी पाहिली, आणि ‘चोरांसाठी आहे’ हे उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. उत्तर ठाऊक असलं की माणूस प्रश्न विचारत नाही. चोर हे उत्तर खरंही होतं, पण अर्धंच. निळी पानं का, याचं ते उत्तर होतं. हिरवी पानं का, याचं नव्हतं. हा दुसरा प्रश्न विचारणारा माणूस रस्त्याने यायला १८८२ साल उजाडावं लागलं.

खरं तर त्याच्या पाऊणशे वर्षं आधी एकाने हा प्रश्न विचारला होता. बेनेदिक्त प्रेव्हो नावाचा गृहस्थ गव्हाच्या काणी रोगाचा अभ्यास करत होता. काणीचे बीजाणू पाण्यात टाकून तो त्यांना कोंब फुटताना पाही. त्याच्या लक्षात आलं की पाण्याचा तांब्याच्या भांड्याशी संबंध आला असला की कोंब फुटत नाहीत. १८०७ साली त्याने हे छापून टाकलं. रोग हा बुरशीमुळे होतो आणि तांबं बुरशीला रोखतं, या दोन्ही गोष्टी त्याने एका दमात सांगितल्या. लोकांनी ऐकून घेतलं आणि आपापल्या कामाला गेले. तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं, हे आमच्या आज्या सांगत आल्याच होत्या म्हणा. पण त्यांनीही ते गव्हाला विचारून पाहिलं नव्हतं.

योगायोगाची दुसरी गंमत सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची. तिथे १८६९ साली कॉफीच्या पानांवर तांबेरा आला. इंग्रज सरकारने हॅरी मार्शल वॉर्ड नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला बोलावून घेतलं. दोन वर्षं खपून त्याने रोगाची सगळी कुंडली मांडली: बीजाणू वाऱ्याने येतो, ओल्या पानावर रुजतो, तेव्हा त्याला आत शिरण्याआधीच गाठलं पाहिजे. सगळं बरोबर होतं, पण हातात चांगलं औषध नव्हतं. वॉर्ड १८८२ साली परत गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मिलार्दे सां-ज्युलियांच्या रस्त्याने चालत होते! सिलोनची कॉफी बसली आणि तिच्या जागी चहा आला. आपल्या घरी सकाळी जो कप येतो त्यात दूध, साखर, आलं यांच्याबरोबर या हुकलेल्या गाठभेटीचाही थोडा वाटा आहे.

मिलार्दे मात्र घाईचे नव्हते. त्यांनी १८८२ साली पाहिलं आणि लगेच ‘युरेका’ म्हणून रस्त्यावर धावले नाहीत. दाविद यांच्या मदतीने त्यांनी मळ्यात प्रयोग केले, रसायनशास्त्राची बाजू युलिस गायों या सहकाऱ्याने सांभाळली, आणि १८८५ साली कृती प्रसिद्ध केली. ती अशी: शंभर लिटर पाण्यात आठ किलो मोरचूद विरघळवा, वेगळ्या तीस लिटर पाण्यात पंधरा किलो चुना कालवा, दोन्ही एकत्र करा. मग कामगाराने डाव्या हातात झारी घ्यावी, उजव्या हातात छोटा झाडू घ्यावा, झाडू बुडवावा आणि पानांवर शिंपडावा. म्हणजे आधुनिक शेतीतल्या औषधफवारणीचा आरंभ पुण्याहवाचनासारखा झाला म्हणायचा; दर्भाच्या ऐवजी झाडू एवढाच फरक. त्या वर्षी औषध मारलेल्या ओळी हिरव्या राहिल्या आणि न मारलेल्या उघड्या पडल्या. बाकी पुरावा मागायला कुणी आलं नाही.

फ्रेंच लोक या मिश्रणाला ‘बुयी बोर्दलेझ’ म्हणतात. बुयी म्हणजे पेज. बोर्डोची पेज! आमच्या झाडीपट्टीत सांगायचं तर बोर्डोची आंबील. इंग्रजांनी तिला ‘मिक्श्चर’ केली, आणि आपल्या कृषी खात्याने त्याचं ‘बोर्डो मिश्रण’ करून पुस्तिकेत छापलं. पेज म्हटलं असतं तर पाठ करायला सोपं गेलं असतं.

ही पेज हिंदुस्थानात आली आणि पहिल्याप्रथम जिथे मोठी गाजली ते ठिकाण म्हणजे सुपारीच्या बागा. पश्चिम घाटाच्या पावसात सुपारीचे घोस कुजून गळतात. कर्नाटकात त्याला कोळेरोग म्हणतात. गोव्यात आणि तळकोकणातही बागाईतवाले हेच नाव घेतात. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन नावाचे कॅनडाचे शास्त्रज्ञ नोकरीला आले होते. त्यांनी १९१०च्या सुमारास या रोगाचा छडा लावला आणि पावसाआधी घोसांवर बोर्डो मिश्रण मारा म्हणून सांगितलं. सांगणं सोपं, मारायचं पन्नास-साठ फूट उंच सरळसोट झाडाच्या शेंड्यावर! फ्रान्सचा कामगार झाडू घेऊन ओणवा झाला होता, आमचा माणूस पंप घेऊन आभाळात चढला. आजही पावसाळ्याच्या तोंडावर एक आणि पुढे चाळिसेक दिवसांनी दुसरी, अशी ही आकाशफवारणी चालते.

सुपारीमागोमाग पान यायचंच. नागपूरला जहांगीर फर्दुनजी दस्तूर हे मध्यप्रांत सरकारचे बुरशीशास्त्रज्ञ होते. फायटॉप्थोरा नावाच्या उपद्व्यापी कुळाचा खोल अभ्यास करणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांचं नाव येतं. मध्यप्रांतातल्या पानवेलींच्या रोगांवरचा त्यांचा विस्तृत निबंध १९३५ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी आमचा हा सारा मुलूख मध्यप्रांतातच मोडत होता. बारई लोकांच्या पानमळ्यात वेल मुळाशी काळी पडून मरायची, तिच्यामागेही हेच कूळ निघालं. पानमळ्यांसाठी आजही बोर्डो मिश्रण सांगितलं जातं. म्हणजे पानाला दोनदा चुना लागतो: एकदा मळेवाला लावतो पान जगावं म्हणून, आणि एकदा खाणारा लावतो पान रंगावं म्हणून.

आमच्या वाडीतला धोपा, म्हणजे तुमचा अळू, त्यालाही सोडलेलं नाही. त्याच्या पानावरच्या करप्याचा अभ्यास बटलर आणि कुलकर्णी या जोडीने १९१३ साली छापला. बटलर साहेब सरकारचे मोठे बुरशीशास्त्रज्ञ. पण अळूच्या पानाला भोक पडलं म्हणजे नक्की काय बिघडतं, हे जोडीतल्या कुलकर्ण्यांना जास्त कळलं असणार, असं मला आपलं उगाच वाटतं. वडीला भोक पडतं, दुसरं काय!

आता एवढा सगळा इतिहास माझ्या अंगणात का यावा? तर शेजारच्या काकाजींच्या लिंबामुळे. त्यांच्या वाडीत कागदी लिंबाचं एक जुनं झाड आहे. काकूंनी लावलेलं. काकू गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. एका पावसाळ्यात त्या झाडाच्या बुंध्यातून डिंक गळू लागला, साल तडकली, आणि एका बाजूची पानं पिवळी पडली. गावात सल्ल्याला तोटा नाही. एकाने नजर लागली म्हणून फांदीला जुनी वहाण बांधायला सांगितली. दुसऱ्याने बुंध्यात खिळा ठोकायला सांगितला. तिसरा म्हणाला, ‘काकाजी, झाड म्हातारा झाला, तोडून टाका, नवा लावा.’ काकाजी त्याच्याशी पुढे चार दिवस बोलले नाहीत.

शेवटी गावात आलेल्या कृषी सहायकाने झाड पाहिलं आणि एका शब्दात निकाल दिला: ‘डिंक्या.’ नागपुरी संत्र्याच्या बागांना वर्षानुवर्षं छळणारा हाच तो रोग. आणि त्याच्याही मुळाशी पुन्हा तेच फायटॉप्थोरा. उपाय म्हणजे बोर्डो मलम. धारदार चाकूने कुजकी साल खरवडायची, जखम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवायची, आणि जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत बुंध्याला मलम फासायचं. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना, लिटरभर पाणी.

मलम करायला आम्ही ओट्यावर बसलो तेव्हा मी काकाजींना मिलार्दे यांची कथा ऐकवली. हातातली काडी थांबवून त्यांनी ती सगळी ऐकली आणि म्हणाले, ‘म्हंजे चोराच्या भेवानं अवसद निंगाला का जी, भाऊ?’

‘हो ना, काकाजी.’

‘मंग त्याले बोर्डो कायले म्हंतेत? आमच्या गावाचा नाव द्याले पाह्यजे होता. आमच्या नावातच चोर हाये.’

मला हा मुद्दा बिनतोड वाटला. ‘चोरखमारा मिश्रण’ हे नाव कुठल्याही दुकानात बोर्डोपेक्षा लवकर लक्षात राहील.

या मिश्रणाच्या पाककृतीत काही पथ्यं आहेत, ती सासूच्या पथ्यांसारखी आहेत: कारण विचारलं नाही तरी पाळावी लागतात, पण कारण असतंच. पहिलं पथ्य, लोखंडाची किंवा जस्ताची बादली चालत नाही. मोरचूद तिलाच खाऊ लागतो आणि स्वतःतलं तांबं तिच्या अंगावर चढवतो. बादलीला वाटतं आपण दागिने घातले, आणि औषधातलं औषध निघून जातं. प्लास्टिकची बादली किंवा मातीचं मडकं घ्यावं. दुसरं पथ्य, दोन्ही गोष्टी आधी वेगवेगळ्या पाण्यात विरघळवायच्या आणि मगच त्यांचं लग्न लावायचं. तिसरं म्हणजे लोखंडी विळ्याची परीक्षा. तयार मिश्रणात विळ्याचं पातं थोडा वेळ बुडवून बाहेर काढावं. पात्यावर तांबूस लेप चढला तर मोरचूद अजून मोकळा हिंडतो आहे, चुना कमी पडला; असं मिश्रण पानावर गेलं तर पान जळतं. पातं स्वच्छ निघालं तर औषध पास. आणि चौथं, ही पेज शिळी चालत नाही. केली त्याच दिवशी संपवायची.

पानांवर फवारायचं तर हेच दहापट पातळ: शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅम आणि दहा लिटर पाणी. ज्यांना एवढा स्वयंपाक नको त्यांच्यासाठी दुकानात कॉपर ऑक्सिक्लोराइडची तयार भुकटी मिळते; दहा लिटरला पंचवीस-तीस ग्रॅम. ही भुकटी म्हणजे बाजारातली तयार पुरणपोळी. चालते, पण घरची पेज पावसात जास्त टिकते.

हे औषध काम कसं करतं, ते कळलं की ते कधी मारायचं तेही कळतं. चुन्यामुळे तांब्याचा बहुतेक भाग न विरघळणारा होऊन पानावर वाळून बसतो. पाऊस पडला, दव पडलं, की त्यातलं अगदी कणभर तांबं पाण्यात उतरतं. नेमक्या त्याच ओलाव्यात बीजाणू रुजायला निघालेला असतो. केवड्याचे आणि फायटॉप्थोराचे बीजाणू तर त्या थेंबात चक्क पोहतात. पोहता पोहता तांबं त्यांच्या पोटात जातं, आतली प्रथिनं नासतात, आणि पानात शिरायच्या आधीच कारभार आटोपतो. पण तो एकदा आत शिरला की तांब्याचा त्याच्यावर काही इलाज चालत नाही. म्हणजे हा वैद्य नाही, राखणदार आहे. राखणदार चोरी व्हायच्या आधी बसवायचा असतो. आपल्याकडे मात्र घर लुटून गेल्यावर दाराला तीन कुलपं लावायची रीत आहे. झाडाची सगळी पानं करपल्यावर लोक दुकानात जातात आणि मग ‘मोरचुदात आता पहिल्यासारखा दम राहिला नाही’ म्हणून येतात. दम आहे, तारीख चुकली आहे. काकाजींच्या लिंबालाही म्हणूनच दर वर्षी दोनदा मलम लागतं, झाड चांगलं दिसत असलं तरी.

इथवर वाचून कुणी उत्साहाने दोन किलो मोरचूद आणायला निघाला असेल तर त्याने जरा थांबावं. तांबं हे मूलतत्त्व आहे. ते कुजत नाही, उडून जात नाही, जुनं होत नाही. पानावरून पावसाने धुतलं की मातीत जातं आणि तिथेच मुक्काम करतं. फ्रान्सच्या जुन्या द्राक्षमळ्यांच्या मातीत शंभरावर वर्षांचं तांबं साचलं आहे आणि तिथल्या गांडुळांना ते सोसत नाही. म्हणून युरोपीय संघाने २०१८ साली मर्यादा घातली: हेक्टरी सात वर्षांत मिळून २८ किलो तांबं, म्हणजे सरासरी वर्षाला चार किलो. हेक्टराचा हिशेब आपल्याला काय करायचा, असं वाटेल. पण वाडीचाच हिशेब करू. दहा लिटर मिश्रणात शंभर ग्रॅम मोरचूद. त्यात तांबं सुमारे पंचवीस ग्रॅम. ते एका गुंठ्यावर मारलं तर हेक्टरी अडीच किलो झालं. म्हणजे गुंठाभर वाडीवर वर्षातून दोनदा दहा-दहा लिटर शिंपडलं की आपण युरोपची वार्षिक सरासरी ओलांडली! आणि इथे काही बहाद्दर दर रविवारी पंप पाठीला बांधतात, जणू झाडांची आंघोळ आहे.

तेव्हा फवारणीआधीची कामं फुकटात होतात ती करावीत. करपलेली खालची पानं तोडून लांब पुरावीत, झाडं दाटीने लावू नयेत, पाणी पानांवर न घालता बुडाशी घालावं. धोप्यावर तर हे निळं पाणी मारूच नये. एक तर त्याच्या मेणचट पानावरून ते ओघळून जातं, आणि जे राहतं ते आपल्याच वडीत येतं. डागाळलेलं पान खुडून टाकावं, बाकीच्यांच्या वड्या कराव्यात. आणि जिथे मारायचं तिथे नाकातोंडाला फडकं, हातात मोजे, वाऱ्याकडे पाठ. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. तिथली औषधं वेगळी होती, फार जहाल होती. पण ‘मला काय होतंय’ हे वाक्य सगळ्या औषधांच्या बाबतीत सारखंच बोललं जातं.

शेवटचं पथ्य आमच्या गावापुरतं, पण तलाव असलेल्या कुठल्याही गावाला लागू. पंप तलावात धुवायचा नाही. तांबं बुरशीला जेवढं जड, तेवढंच ते शेवाळाला आणि मासोळीलाही जड जातं. तलावावर ढिवरांचं पोट आहे, आणि पलीकडच्या जंगलातली जनावरं ग्रामपंचायतीला न विचारता पाण्याला येतात. काकाजींनी वाडीच्या कोपऱ्यात, विहिरीपासून लांब, एक खड्डा केला आहे. मलमाचा डबा, काडी, पंप, सगळं धुतलेलं पाणी त्यात. एकदा एक पोरगा पंप घेऊन पाळीकडे निघाला होता. काकाजींनी त्याला ओट्यावरून अशी हाक मारली की तलावावरचे बगळे उडाले.

लिंबाचं म्हणाल तर पिवळी पडलेली एक फांदी गेली. बाकीचं झाड उभं आहे, दर वर्षी निळे पायमोजे घातल्यासारखं दिसतं आणि उन्हाळ्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांना सरबताला पुरतं. लिंबं देताना काकाजी मोजत नाहीत. मलम मात्र कुणाला लावू देत नाहीत, स्वतःच्या हाताने लावतात. आणि ज्याने झाड तोडायला सांगितलं होतं त्याच्याकडे पहिली दहा लिंबं मुद्दाम पाठवतात.

राहता राहिला या औषधाचा मूळ उपयोग, म्हणजे चोरांचा बंदोबस्त. तोही आम्ही करून पाहिला. वानरांची टोळी जंगलातून उतरते ती रस्त्याकडच्या कुंपणावरून, म्हणून त्या बाजूच्या टमाटरच्या दोन ओळींवर निळं पाणी जरा ठळक शिंपडलं. पानांवर करपा आला नाही. वानरं आली. त्यांच्यातल्या एका वयस्क वानराने एक पान तोडलं, वास घेतला, खाली टाकलं, आणि मग फळांसकट अख्खं झाड उपटून ते शेजारच्या छपरावर जाऊन बसलं. मेदोकच्या चोरांनी निळा रंग पाहून हात आखडता घेतला म्हणतात. ते चोर फारच सज्जन असले पाहिजेत.